परबमावशी आणि कदमांचं छत

कांदिवलीतली आमची खोली वाचली ती परबमावशींमुळे. त्यांचं नाव आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे काही सांगायचं राहून गेलं तरी हे राहायचं नाही. मालती परब, चौथा मजला, आमच्या समोरचं दार. मुलुंडचे एक दातांचे डॉक्टर होते, घाटकोपरचा केतन होता, त्यांचेही उपकार आहेतच. आमच्या खालच्या मजल्यावरचे कदमभाऊसुद्धा शेवटी कामी आले, जरी सुरुवातीला आम्हाला घालवायला तेच उठले होते. पण या सगळ्यांना एका छताखाली आणून उभं केलं ते मावशींनी.

मावशी रिमोटच्या गाड्या बनवायच्या. दुकानातून आणली, सेल घातले आणि चालवली अशी गाडी नव्हे. चेसिस, मोटर, गिअर, शॉकअप असं सगळं सुटं आणायचं आणि घरात बसून जोडायचं. गाडी हातभर लांब, पण मैदानात सोडली की झोपलेली कुत्री उठून बाजूला व्हायची. पहिल्यांदा त्यांच्या हातात गाडी बघितली तेव्हा मी विचारलं होतं, "नातवाची का हो मावशी?"

"माझी," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याची बाइक असता ती त्याच्या नातवाची काय गो?"

आम्ही हिंगोलीकडचे. सातवीनंतर माझी शाळा सुटली, लग्न होऊन इकडे आले, आणि इथल्या माणसांशी बोलताना आपलं काय चुकलं हे मला नेहमी घरी आल्यावर कळायचं. मावशींचं तसं नव्हतं. चुकलं तर त्या तिथेच सांगायच्या आणि तिथेच विसरायच्या. मला त्याचं फार बरं वाटायचं.

अंधेरीला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात त्यांची बरीच वर्षं सोल्डरिंगमध्ये गेली. बायकांची लांबच लांब रांग, प्रत्येकीच्या पुढे एक सर्किटची पाटी, आणि त्या पाटीवर तेच तेच चार टाके. पाटी पुढे सरकायची आणि शेवटी तिचं काय व्हायचं ते कोणाला दिसायचं नाही. "रेडिओ झाला की टीव्ही झाला, माका काय ठाऊक? आपण टाको मारलो, पाटी गेली." कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्या रडल्या म्हणे. मावशींनी मात्र घरी येताना वाटेत एक सोल्डरिंगचं पेन विकत घेतलं. आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक वस्तू आपली आपण करायची आणि ती चालताना बघायची, एवढीच हौस होती.

त्यांच्या घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर जेवण मी कधी बघितलं नाही. स्क्रू इडलीच्या साच्यात ठेवलेले असायचे, एका खळग्यात एका मापाचे. इडल्या हव्या झाल्या तर? "हॉटेलं कशाला काढलीत लोकांनी?" चष्मा कपाळावर, दुसरा गळ्यात, आणि तरी "माझो चष्मो खंय?" चालू. गाडीचा एक स्क्रू सैल असला तर त्यांना आवाजावरून कळायचं. स्वतःच्या घरातला पंखा मात्र मी राहायला आल्यापासून कण्हत होता. दारावरची बेल वाजायची नाही, मोरीचं दार उचलून लावावं लागायचं. एकदा मी म्हटलं, मावशी, पंख्याकडे बघा ना.

"गाडीक मैदानात धावूचा आसा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पंख्याक खंय जावचा आसा?"

रविवारी सकाळी त्यांची मंडळी जमायची. वस्तीच्या मागे एक मोकळं मैदान आहे, तिथल्या बुटक्या भिंतीवर सगळे बसायचे. मी पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. आमच्या बिल्डिंगमधली आणि बाजूच्या दोन बिल्डिंगमधली घरं माझ्या पोळ्यांवर चालतात. रविवारी त्या मंडळींची पोळीभाजी मीच द्यायची, म्हणून माझं तिथे जाणं झालं. पहिल्यांदा वाटलं होतं, एवढी शिकलेली माणसं, काय मोठं बोलत असतील. बोलायचे काय, तर अर्धं गाडीचं आणि अर्धं घराच्या दुरुस्तीचं.

"मावशी, मागचं चाक डगमगतंय," केतन म्हणायचा. तो कुठल्याशा विम्याच्या ऑफिसात होता आणि नेहमी घाईत असायचा. "आणि घरी गीझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. आधी काय बघू?"

"गीझर. तू गेलंस तर चाक कोण बघतलो?"

डॉक्टर शांत माणूस, मुलुंडहून गाडीची पेटी मांडीवर घेऊन यायचे. त्यांचं सगळं दुखणं क्लिनिकच्या भिंतीचं. "तीनदा लांबी भरली, तीनदा पापुद्रे सुटले यार. पेशंट आ करून वर बघत बसतो, आणि त्याला माझ्याऐवजी भिंतीची काळजी."

"पेशंटांचे पैसे भिंतीक लावा जरा," मावशी म्हणायच्या. मग सगळे हसायचे आणि पुन्हा शॉकअपमध्ये तेल पातळ घालायचं की जाड यावर भांडायला लागायचे.

या मंडळींचा एक रिवाज होता, मावशींनीच घातलेला. ज्याने दुसऱ्याची गाडी ठोकली त्याने ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची. नवा भाग आणून दिला, सॉरी म्हटलं आणि सुटला, असं नाही. तिथेच भिंतीवर बसून उघडायची आणि जोडायची. आणि गाडीच्या मालकाने समोर बसायचं पण एक शब्द बोलायचा नाही. मी बघितलंय, एकदा केतनने वळणावर डॉक्टरांच्या गाडीची पुढची बाजू पार मोडली. नवीन बॉडी, डॉक्टरांनी घरी रंगवलेली. केतन घाम पुसत स्क्रू काढत होता आणि डॉक्टर समोर बसून तळमळत होते.

"अरे, तो स्क्रू नव्हे..."

"डॉक्टर!" मावशी ओरडल्या. "लोकांका आ करूक सांगतात ना? आता मिटा."

मी नंतर विचारलं, असं का? भाग दिला भरून तर काय बिघडतं? मावशी म्हणाल्या, "भाग दिलो की हिशेब मिटता. उघडून बघितली की कळता, समोरच्याने कितीसा जीव लावलेलो." तेव्हा ते मला नुसतंच ऐकायला छान वाटलं.

मग आमच्या घराची भानगड सुरू झाली.

एका सकाळी कदमभाऊ वर आले. त्यांच्या छताला, मोरीच्या बाहेरच्या बाजूला, ओल धरली होती आणि आता थेंब पडत होते. कदमभाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आवाज दणकट. "तुमची मोरी गळतेय. माझ्या प्राचीला रविवारी बघायला येतायत. पाहुण्यांच्या डोक्यावर तुमच्या आंघोळीचं पाणी पाडू का?"

प्लंबर आला. त्याने आमच्या मोरीत उभं राहून चहूकडे बघितलं आणि म्हणाला, सगळ्या लाद्या फोडाव्या लागतील. घरमालक विरारला राहतात. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, मी फोडाफोडी करणार नाही. कदमांची तक्रार मिटवा, नाहीतर महिनाअखेर खोली खाली करा, मला भाडेकरू खूप मिळतील.

मिलिंद, माझा नवरा, साकीनाक्याला वर्कशॉपला जातो. तो म्हणाला, बघू, दुसरी मिळेल. त्याला खोली दुसरी मिळाली असती. मला पोळ्यांची गिऱ्हाइकं दुसरी कुठून मिळणार होती? सगळी इथली. आजारी म्हातारी, डबेवाली पोरं, एकटे राहणारे. किती तरी महिने दारोदार विचारून जमवलेली. खोली गेली की माझं सगळंच गेलं. गावी परत जायचं म्हटलं तर तिथे तरी काय होतं? मी जिन्यात बसून रडत होते. मावशी हातात एक उघडी मोटर घेऊन बाहेर आल्या.

"रडतंस कित्याक? काय झाला?"

मी सांगितलं. त्यांनी आत येऊन मोरी बघितली, मग खाली जाऊन कदमांचं छत बघितलं, फोटो काढला, आणि आपल्या ग्रुपवर टाकला. केतनचं उत्तर लगेच आलं: पूर्ण मोरी फोडा. डॉक्टरांचं जरा वेळाने आलं: दुखतो एक दात, किडलेला असतो भलताच. फोडायच्या आधी नीट बघा.

"बघ," मावशी म्हणाल्या, "हो शहाणो. गाडी उजवीकडे ओढता म्हणून आपण एकदम चाक, स्प्रिंग, मोटर सगळाच बदलतो काय? एक बदल करूचो, एक फेरी मारूची. मग दुसरो."

त्यांनी कदमांच्या छताला ओल्या जागी वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीने लावले. कागद भिजला की गळतं, कोरडा राहिला की नाही. मग आमची मोरी बंद. मी आणि मिलिंद आंघोळीला मावशींकडे जायचो, दार उचलून लावायचो. रोज सकाळी मावशी खाली जाऊन कागद बघायच्या. कागद भिजलेलाच.

"मोरी सुटली," मावशी खुशीत म्हणाल्या. "मोरीचा काय नाय."

कदमभाऊंना ते पटेना. "कशावरून? तुम्ही चोरून आंघोळ करत असाल."

"भाऊ, चोरून काय काय करतात माणसां, पण आंघोळ?"

त्यांच्या बायकोला हसू आलं. भाऊंना नाही आलं. ते म्हणाले, मला पुरावा पाहिजे, नाहीतर मी आज मालकाला फोन लावतो.

पुरावा म्हटल्यावर मावशींना आपली गाडीची युक्ती आठवली. ही मंडळी गाडीतली वायरिंगची डबी पाण्यात बुडाली तरी चालली पाहिजे म्हणून तिला सील करतात, आणि सील बसलंय का ते बघायला डबी रंगीत पाण्यात ठेवतात. आत रंग दिसला तर सील गेलं. मावशींकडे होळीचा उरलेला गुलाबी रंग होता. त्या म्हणाल्या, तुझ्या सिंकमध्ये सोडूया. ओटा मोरीला लागूनच आहे. डबीला चिमूटभर रंग लागतो. पण खाली कदमभाऊंसारखा माणूस बघणार, त्याला नीट दिसायला नको का? मावशींनी अख्खी पुडी ओतली आणि वरून नळ सोडला.

कदमभाऊंना नीट दिसलं.

आधी त्यांच्या छतावर कागदाच्या कडेने एक गुलाबी रेघ आली, मग ती रेघ फुगली, मग कागद गळून पडला आणि पांढऱ्या छतावर परातीएवढं गुलाबी फूल उमटलं. थेंब पडला तो भाऊंच्या बनियनवर. वरपर्यंत ऐकू आलं.

"परबबाई! हे काय केलंत! रविवारी पाहुणे आहेत माझ्याकडे!"

मी ओट्याला धरून उभी राहिले. वाट लागली. आता ते मालकाला फोन करणार, आणि आता तर त्यांचं काही चूकही नव्हतं. मी मनात सामान बांधायला लागले. तवा, परात, पोळपाट, कुठल्या गोणीत काय.

मावशी मात्र सिंकखाली आडव्या झाल्या होत्या. तिथूनच त्यांचा आवाज आला, "गावला गो!" सिंकचा पाइप जिथे जमिनीत जातो तिथला जोड सुटला होता. पाणी लादीखाली शिरायचं आणि उतार मिळेल तिकडे जाऊन कदमांच्या मोरीपाशी टपकायचं. एक रबरी वॉशर, थोडं सिमेंट. काही फोडायचं नव्हतं.

त्या उठल्या, हात पुसले, आणि मला म्हणाल्या, "चल खाली."

"मी नाही येत मावशी."

"चल. बोलू नको, नुसती उभी रव."

कदमभाऊ दारातच होते, हातात फोन. मावशी म्हणाल्या, "भाऊ, गळती हिची होती, ती मी आज बंद करतंय. रंग माझो. म्हणून छत माझा. रविवारच्या आत मी स्वतः करून देणार. माणूस लावूचो नाय, पैसे देऊचे नाय. आमचो रिवाज आसा."

"कसला रिवाज?"

"ठोकली त्याने उघडायची. आणि मालकाने समोर बसायचा, बोलूचा नाय."

भाऊंना यातलं काही कळलं नाही, पण फोन त्यांनी खिशात ठेवला. मला तेवढंच दिसलं.

वॉशर त्याच दिवशी बसला. पुढचे दिवस मी सिंकमध्ये पाणी सोडायची आणि मावशी खाली नवा कागद लावून यायच्या. कागद कोरडा. दुसऱ्या दिवशीही कोरडा. भाऊ स्वतःच खुर्चीवर चढून कागदाला बोट लावून बघायला लागले. शनिवारी सकाळी डॉक्टर आणि केतन ब्रश घेऊन हजर. डॉक्टरांनी पेशंटांच्या वेळा पुढे ढकलल्या होत्या. मी चहा घेऊन खाली गेले तर तिघंही स्टुलांवर, डोक्याला वर्तमानपत्राच्या टोप्या.

पहिला पांढरा हात मारला. सुकला आणि गुलाबी वर आला. दुसरा मारला, पुन्हा गुलाबी वर आला, जरा फिकट एवढंच.

"प्रायमर मारायला पाहिजे होता," केतन म्हणाला.

"हे आता सांगतोस?"

"तुम्ही विचारलंत का डॉक्टर? तुमची भिंत तीनदा सोलून निघाली, मला वाटलं तुम्हाला अनुभव आहे."

"माझ्या भिंतीबद्दल बोलायचं नाही हां."

कदमभाऊ खुर्चीत बसून सगळं बघत होते. बोलायचं नव्हतं, म्हणून ओठ आवळलेले. मधूनच हात उठायचा, बोट दाखवायचे, की मावशी नुसत्या त्यांच्याकडे बघायच्या. बोट खाली. मला हसायला येत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण संध्याकाळ होत आली होती आणि छत गुलाबीच होतं.

तेवढ्यात प्राची कॉलेजातून आली. तिने वर बघितलं. "अय्या, गुलाबी? मस्त दिसतंय की. सगळंच असं करा ना."

"सगळं?" भाऊ शेवटी बोललेच.

"पप्पा, नाहीतरी ते लोक मला बघायला येतायत. छत बघितलं तर माझंच टेन्शन कमी."

मावशी स्टुलावरून उतरल्या. उरलेल्या पांढऱ्या रंगात त्यांनी गुलाबीची अगदी चिमूट घातली, या वेळी खरंच चिमूट, आणि ढवळत बसल्या. अंधार पडायच्या आत सगळं छत एकसारखं फिकट गुलाबी झालं होतं. डाग कुठे होता ते ठाऊक असलेल्यालाही सापडलं नसतं. भाऊ खाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. स्टुलावर वाकून वाकून मावशींची मान आखडली होती, त्या ती दाबत होत्या. ते भाऊंनी बघितलं असावं.

त्यांनी मालकाला फोन लावला तो आमच्या सगळ्यांसमोर. "हां, कदम बोलतोय. पाणी बंद झालंय. नाही, काही तक्रार नाही. या लोकांना राहू द्या. अहो, नवा भाडेकरू आणाल, तो कसला निघेल कोणी सांगावं? या बाई निदान कागद लावू देतात."

मी पदर तोंडाला लावून जिन्यात पळाले. खोली राहिली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठीच्या पोळ्या भाऊंच्या घरून मलाच सांगितल्या गेल्या.

मावशींना आभार मानलेलं चालायचं नाही. मी एकदा पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "खाली वाकलंसच तर तो स्क्रू पडलोय तो बघ." पुढे बरेच महिने गेले. त्यांची गावची बहीण एकटी पडली आणि त्यांनी गावी जायचं ठरवलं. रविवारी भिंतीवर त्यांनी ते मंडळींना सांगितलं. केतन म्हणाला, "मावशी, तिथे गाडी कुठे चालवणार? सगळी झाडं आणि चढउतार."

"आमच्या गावचो सडो बघितलंस काय रे? सगळो कातळ. नजर पोचत नाय थंयपर्यंत सपाट. तुमच्या ह्या मैदानाक तिकडे कोणी अंगण पण म्हणूचा नाय."

त्यांना सोडायला आम्ही बोरिवलीला हायवेवर गेलो होतो. सकाळची वेळ, खासगी बस. क्लीनर गाड्यांची पेटी डिकीत टाकायला मागत होता, मावशी देईनात. शेवटी पेटी मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्या. मला काहीतरी बोलायचं होतं. घरून ठरवून आले होते. बस सुरू झाली तशी मी खिडकीखाली गेले आणि वर बघितलं. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. खिडकीची काच खडखडत होती. त्यांनी कान तिच्याजवळ नेला होता आणि बोटाने एकेक कड दाबून बघत होत्या, नेमकी कुठून वाजते ते. बस वळून उड्डाणपुलावर चढेपर्यंत मला त्यांचं ते वाकलेलं डोकं दिसत होतं.

फोनवर बोलतो आम्ही. पण मनातलं फोनवर निघत नाही, म्हणून इथे लिहिते. मावशी, मी तुमच्या गावी येणार आहे. कधी ते आज सांगता येत नाही, पण येणार. तुमच्या घरात काही ना काही मोडलेलं, गळणारं, कण्हणारं असणारच, तुमचं घर आहे ते. मी ते माझ्या हाताने करीन. मला येत नसेल तर शिकून येईन. तुम्ही समोर बसा, आणि एक शब्द बोलू नका.